ताकाच्या हातानं इस्तू

आमची म्हैस रेकली की आई गोठ्यात जाते, आणि मी रेकलो तरी आई गोठ्यातच जाते. ह्यावरनं माझी लायकी समजून घ्या. गारगोटीच्या शाळेत असताना मला हेडमास्तरांचा आवाज यायचा, शिपायाचा यायचा, घंटेचा बी यायचा. एसटीच्या कंडक्टरचा येतो, डेअरीतल्या सेक्रेटरीचा येतो, मिक्सरात चटणी अडकल्यावर मिक्सर जसा रडतो तसा येतो. लग्नात, हळदीत, बारशात मला बोलवून नेतात. जेवायला घालतात. हसतात. आणि मग नवरीचा काका मला बाजूला घिऊन हमखास इच्यारतो, "ते सगळं झ्याक हाय, पण करतोस काय?"

आमच्या आण्णांचं बी तेच म्हणणं. आण्णा म्हंजे माझे वडील. ऊस, भात आणि दोन म्हशी, ह्या तिघांशी बोलून झाल्यावर जे शब्द उरतात तेवढेच ते घरात वापरतात. मामाचं गारगोटीच्या बाजारात खताचं आणि औषधाचं दुकान हाय. तिथं मला गल्ल्याजवळ बसवायचं आण्णांनी मनात पक्कं केलतं. मला दुकानाचं वाकडं न्हाय. पण युरियाच्या पोत्याचा आवाज कसा काढायचा सांगा. पोतं गप बसतंय, आणि त्याच्याजवळ बसून माणूस बी गप होतोय. आमचा मामा बघा. लग्नाआधी लई गमत्या होता म्हणतात.

अशात एका मित्रानं बातमी आणली. शाहूवाडीकडच्या डोंगरात एकानं तंबू टाकून कॅम्प चालू केलाय. कोल्हापुरातली माणसं पोराबाळांना घिऊन येतात, झाडं बघतात, ओढ्यात पाय सोडतात, पिठलं-भाकरी खातात आणि परत जातात. त्याला माणसांना गुंतवून ठेवणारा गडी पायजे होता. मित्राच्या गाडीवर बसून मी गेलो.

मालक पन्नाशीचा, गालात लवंग धरून बोलणारा. लवंग पडू नये म्हणून तोंड अर्धंच उघडायचा, आणि अर्ध्या तोंडानं बोललेलं समोरच्याला कळलं नसंल असं वाटून शेवटचा शब्द दोनदा म्हणायचा. मी त्याला म्हैस ऐकवली, कंडक्टर ऐकवला, मिक्सर ऐकवला. तो पोट धरून हसला. लवंग गिळली. दुसरी लवंग तोंडात टाकून म्हणाला, "पावणं, पोरं हसतील, हसतील. पण हसून झाल्यावर काय?"

"काय म्हंजे?"

"काडीपेटीशिवाय इस्तू करायला येतोय काय? काठी घुसळून. हल्ली पोरं फोनवर बघून येतात आणि हितं आल्यावर तेच मागतात, मागतात."

"येतोय की," मी म्हटलं.

आता हे खोटं होतं असं कुणी म्हणंल. आमच्याकडं 'येतंय काय' असं कुणी इच्यारलं तर 'येतंय की' हे एवढंच उत्तर असतंय. पवाय येतंय काय? येतंय की. ट्रॅक्टर चालवाय येतंय काय? येतंय की. मग माणूस पाण्यात उडी मारतो आणि शिकतो. येतंय म्हंजे निघालंय, वाटंत हाय, पोचंल.

मालक म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीतली पहिली बॅच रविवारी येणार. त्या दिवशी करून दाखवा, मग कामाचं पक्कं. मधे बरेच दिवस होते. मी गाडीवर मागं बसून घरापर्यंत त्याच मालकाच्या आवाजात मित्राशी बोललो, बोललो.

घरी सांगितलं. आण्णा म्हशीला वैरण टाकत होते. त्यांनी पेंढी टाकली, दुसरी टाकली, मग म्हणाले, "काठीनं?"

"व्हय."

"पेटलं तर जा. न्हाय पेटलं तर सोमवारपास्नं मामाच्या दुकानात. परत तोंड उघडायचं न्हाय, ना माणसाचं, ना म्हशीचं."

मी म्हटलं, ठरलं. खरं सांगू, मला जरा बी भ्या वाटलं न्हाय. मी फोनवर तो प्रकार बघितलाता. एक मऊ लाकडाची फळी घ्यायची. तिच्या काठाजवळ खळगा पाडायचा, खळग्याच्या बाजूला खाच मारायची. खळग्यात एक सरळ काठी उभी करायची आणि दोन तळहातांत धरून गरागरा घुसळायची. काठी घासून भुगा पडतो, तो खाचेत साठतो, काळा पडतो, आतल्या आत धुमसतो आणि त्याचा हरभऱ्याएवढा निखारा होतो. तो वाळल्या काथ्यात घालून फुंकला की झाला इस्तू. बघायला गेलं तर ह्यात नवीन काय? रवी तळहातात धरून ताक करायचं काम आमच्या घरात माझंच. दूध डेअरीला गेल्यावर जे ऱ्हातं त्याचं दही लावती आई, आणि मातीच्या गाडग्यात ते घुसळायला मला बसवती. हात वळायला लागल्यापास्नं मी ताक करतोय. काठी दोन हातांत फिरवायची हे मला कोण शिकवणार? मी उलट त्या फोनवरच्या गोऱ्या बाबाला शिकवीन असं मला वाटलं.

पहिली फळी मी मोडक्या खुर्चीची घेतली. सागवान. काठी घेतली पेरूची. घुसळून घुसळून खुर्चीला पॉलिश झालं. मग जरा डोस्कं चालवलं. लाकूड हलकं पायजे, नख रुतंल असं पायजे. बांधावरच्या पांगाऱ्याची एक फांदी वठून वाळून पडलीती, तिची फळी काढली. काठीला घाणेरी. घाणेरी आमच्याकडं मागू तेवढी हाय, न मागता त्याच्या दुप्पट हाय. सरळ, बोटाएवढी, उन्हात ठिणठिणीत वाळलेली काठी निवडली आणि तिच्यावरची साल आणि गाठी कोयत्यानं तासून गुळगुळीत केली.

आणि गोठ्याच्या समोर, फणसाखाली, बैठक मारली.

हितं माझा खरा धंदा कामाला आला. मी त्या बाबाचा व्हिडिओ बघून त्याची पुरती नक्कल उचललीती. तो डावा पाय फळीवर कसा ठेवतो, मान कशी तिरकी करतो, नाकानं श्वास कसा सोडतो, हात वरनं खाली येताना खांदा कसा हलतो, खाली आल्यावर झटक्यात परत वर कसा जातो. मधेच दाढी खाजवतो, ते पण. मला दाढी न्हाय, तरी मी खाजवायचो. धाकटी बहीण बघत होती. तिला मी फोन धरायला बसवलीती, व्हिडिओ आणि मी शेजारी शेजारी. ती म्हणाली, "दादा, सेम टू सेम. फरक एकच हाय."

"कसला?"

"त्याचं पेटतंय."

दिवस गेले. गल्लीतली माणसं येताजाता थांबायला लागली. आमच्याकडं थांबलेल्या माणसाला गप बसता येत न्हाय.

"काय चाललंय रं, मुसळ बसवतोयस काय?"

"काडीपेटी देऊ काय उसनी? सकाळी परत आणून दे."

"अगं तुझ्या पोराला सांग, फळीला भोक पाडायचंय तर सुताराकडं मशीन हाय."

एक म्हातारबा रोज डेअरीला जाताना कॅन खाली ठेवून पाच मिनिटं उभा ऱ्हायचा, काय न बोलता मान हलवायचा आणि कॅन उचलून जायचा. त्याची मान हलवणं मी लगेच उचललं. दुसऱ्या दिवशी तो मान हलवायला लागला तसा मीबी हलवली. तवापास्नं त्यानं डेअरीचा रस्ता बदलला.

धूर यायचा. उगंच खोटं कशाला बोला, धूर यायचा. जरासा, निळसर, देवापुढची उदबत्ती विझल्यावर येतो तेवढा. मी ओरडायचो, "आण्णा, धूर!" आण्णा वैरणीच्या भाऱ्याखालनं म्हणायचे, "धूर ट्रॅक्टरला बी येतोय." आणि जायचे.

तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. आईनं हळद लावली. हळदीनं काठी घसरायला लागली. भुगा पडायचा तो तपकिरी, मऊ, भाजलेल्या रव्यागत. काळा काय व्हायचा न्हाय. मी वेग वाढवला. व्हिडिओतल्या बाबाला मी मागं टाकलं. गल्लीतल्या पोरांनी मोजलं असतं तर मीच जिंकलो असतो. पण इस्तू काय मोजून येत न्हाय.

तरी मला वाटायचं, जमणार. उद्या जमंल. हे मी रोज म्हणायचो आणि रोज मनापास्नं म्हणायचो.

रविवार जवळ आला तसा मामा आला. आला म्हंजे आण्णांनीच बोलवलाता. सोमवारी कुठं बसायचं, चावी कुठं असती, कुठलं औषध कुठल्या फळीवर, हे सांगायला. जेवायच्या आधी सगळी सैपाकघरात बसलीती. मामा औषधांची नावं सांगत होता, मी मान डोलवत होतो, आणि वातावरण असं झालतं की मयताच्या घरात बी जरा जास्त करमणूक असंल. आईला ते बघवंना. ती म्हणाली, "आरं, मामाला एक नक्कल तरी करून दाव. कवाधरनं आलाय तो."

"कुणाची करू?"

"कुणाची बी कर."

मी तिचीच केली. आई मला ताक करायला शिकवतानाची. मांडी घातली, समोर नसलेलं गाडगं ठेवलं, नसलेली रवी धरली. पदर खांद्यावर खोचला. बांगड्या मागं सारल्या, त्यांचा किणकिणाट तोंडानं काढला. आणि आईच्या आवाजात, ती मला लहानपणापास्नं जे सांगत आलीया ते सुरू केलं, "आस्सं. हळू. रवी तळाला लागू दिऊ नको, गाडगं फुटंल. वर धर. तरंगती ठेव. हात हलका. तुझ्या बाला सांगून मी हे गाडगं ठोकून ठोकून निवडून आणलंय, फुटलं तर तुलाच चुलीत घालीन."

मामा हसला. खरंच हसला, दुकान विसरून. आईनं मला फडक्यानं मारलं. आण्णांच्या मिशीत बी काय तरी हललं. आणि धाकटी मात्र हसत न्हवती. ती माझ्या हाताकडं बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "ही आईची नक्कल न्हाय. ही तुझीच हाय."

"काय?"

"फणसाखाली तू असाच दिसतोस. हे हात तेच हायत. खाली फोनवरच्या बाबाचा पाय, वर आईचं हात."

मी थांबलो. हात हवेत तसेच होते. बघितलं. नसलेली रवी नसलेल्या गाडग्याच्या तळापास्नं चार बोटं वर तरंगत होती.

मी तसाच उठलो. आई मागनं ओरडली, "आरं भाकरी!" मी अंगणात. काठी उभी केली, फळीवर पाय ठेवला, आणि आता बघत बघत घुसळायला लागलो. खरंच की. हात फिरत होते, काठी फिरत होती, पण मी तिला वरच उचलून धरत होतो. तळाला लागू देत न्हवतो. इतकी वर्षं गाडगं सांभाळायची सवय लागलेले हात, ते फळीला बी गाडग्यागत जपत होते. फळी फुटंल म्हणून!

आणि आणखी एक ध्यानात आलं, ते माझ्यासारख्या नकलाकाराला लागायला पायजे तसं लागलं. व्हिडिओतल्या बाबाचे हात काठीवरनं खाली यायचे ते दाबानं यायचे. तो काठी खाली रेटत होता, म्हणून हात खाली घसरत होते. मी हात घसरवत होतो. दाब डोळ्याला दिसत न्हाय, म्हणून मी तो उचललाच न्हवता. बाकी सगळं उचललं, दाढीसुद्धा.

मी काठी खाली रेटली. जोर लावून, आईचं 'गाडगं फुटंल' विसरून. हात आपसूक खाली आले, एका दमात, मी न आणता. बुडातनं कुर्र आवाज आला, नवा आवाज, मी आजवर न काढलेला. झटक्यात वर, परत खाली. धूर निघाला तो पांढरा, दाट, माझ्या डोळ्यात गेला. भुगा काळा पडला.

त्या दिवशी निखारा झाला न्हाय. दम संपला, फोड फुटले. पण काळा भुगा बोटावर घिऊन मी सैपाकघरात गेलो आणि मामाच्या ताटाजवळ हात नेला. "मामा, ह्यो बघ."

मामा म्हणाला, "हात धू, जेवायला बस." पण चावी कुठं असती ते त्यानं परत सांगितलं न्हाय.

शुक्रवारी निखारा झाला. दुपारची वेळ, आण्णा उसाला पाणी पाजायला गेलते, घरात धाकटी तेवढी. खाचेतला भुगा मी काठी काढल्यावर बी एकटाच धुमसत ऱ्हायला. मी फुंकर घातली न्हाय, हात लावला न्हाय, श्वास बी जपून घेतला. बारीक लाल डोळा उघडला. धाकटीनं लगेच वाळल्या शेणीचा चुरा पुढं केला. हे तिचं डोस्कं. इस्तू एकदा धरला की शेणी सोडत न्हाय हे आमच्या घरात कुणालाबी म्हाईत हाय, मला त्या बाबाच्या नादात आठवलं न्हवतं. शेणीच्या चुऱ्यात निखारा बसला, पसरला. मग नारळाच्या काथ्याचं घरटं करून त्यात घातला आणि फुंकला. धूर, धूर, आणि एकदम भक्क.

आम्ही दोघं नाचलो. म्हैस रेकली. ती खरी म्हैस होती.

सांजेला आण्णांना सांगितलं. त्यांनी जळालेल्या काथ्याकडं बघितलं. "काडी कुठं टाकलीस?" म्हणाले. पोरीनं शपथ घेतली तरी इस्वास न्हाय. "तू त्याची भन हायस," म्हणाले.

शनिवारी सांजेलाच मी कॅम्पावर पोचलो. शाहूवाडीच्या त्या डोंगरात दिवाळीच्या सुमाराला दव असं पडतं की तंबूवरनं पाणी गळतंय. काठी आणि फळी मी पिशवीत घातलीती, काथ्या आणि शेणीचा चुरा तेवढा प्लास्टिकात गुंडाळून. पिशवी रात्री मित्राच्या गाडीलाच अडकून ऱ्हायली. दवात. रविवारी सकाळी हात लावला तर काठी गार, जरा नरम. मी ती शर्टाच्या आत पोटाला लावून हिंडलो. चहा पिताना चुलीजवळ धरली. वाळंल तेवढी वाळली.

कोल्हापुरातनं गाडी आली. पोरं, बाया, बापये, एक दोन म्हातारी माणसं. मी म्हैस केली, कंडक्टर केला. लोकं खूष. मग मालक म्हणाला, "आता आमचे पावणं काडीपेटीशिवाय इस्तू करणार, करणार." सगळी गोल करून बसली. फोन वर झाले.

मी बसलो. पाय फळीवर. दाढी खाजवली न्हाय. रेटून घुसळायला लागलो. धूर आला, पोरं ओरडली. पण काठी अजून ओली होती. भुगा पडला तो दमट, चिकट, खाचेत गोळा होऊन बसला. धूर गेला. परत केलं. परत गेला. फोड फुटलेल्या हाताला आग लागलीती, फळीला न्हाय. मधे दम घ्यायला मी कंडक्टर परत केला. हसली, पण जरा कमी हसली.

पुढं बसलेल्या एक काकू, कपाळाला मोठं कुंकू, हातात भरगच्च बांगड्या, मोठ्यानं म्हणाल्या, "पावणं, हसवताय झ्याक. पण इस्तू कवा? आमाला सांच्याला घरी जाऊन म्हशी पिळायच्या हायत."

सगळी हसली. माझ्यापेक्षा जास्त हशा काकूंना मिळाला. ते मला काठीपेक्षा जास्त लागलं.

मालक माझ्याजवळ वाकला. काथ्या सारखा करायच्या निमित्तानं मूठ उघडून दावली. मुठीत काडीपेटी. "काथ्याखाली मी सरकवतो," अर्ध्या तोंडानं म्हणाला, "तुम्ही फुंका. आधीचं पोरगं असंच करायचं. कुणाला कळत न्हाय, न्हाय."

सोपं होतं. नकला करणाऱ्याला हे जड कशाला जावं? पण मी म्हैस होतो तवा समोरच्याला ठाऊक असतंय की ही म्हैस न्हवं. म्हणून तर तो हसतो. हे तसं न्हवतं. आणि दुसरं म्हंजे आण्णा. सांजेला ते इच्यारणार, पेटलं काय, आणि मला 'व्हय' म्हणायला लागणार. दुसऱ्याच्या आवाजात मी कितीबी खोटं बोलतो. माझ्या स्वतःच्या आवाजात मला ते येत न्हाय. कधी शिकलोच न्हाय.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "हाय ते हाय." आणि मोठ्यानं म्हटलं, "काकू, म्हशी हायत म्हंजे ताक करत असशीला!"

"तर! रोज."

"मग या की हिकडं. एकट्याचं काम न्हाय हे. माझं हात खाली आलं की वरनं तुम्ही धरायचं. काठी थांबाय न्हाय पायजे."

काकू उठल्या. पदर खोचला, बांगड्या मागं सारल्या. बांगड्यांचा आवाज अगदी आमच्या घरातला. समोर बसल्या आणि मी खाली आलो तसा त्यांनी वरनं काठी धरली. काय हात होता! भवऱ्यागत काठी. आणि धूर एकदम बंद.

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. आणि हसूच आलं. काठी तरंगत होती. काकू गाडगं जपत होत्या.

"काकू," मी म्हटलं, "हे ताक न्हवं. तळाला टेकवा. फुटलं तर फुटलं!"

"आं?"

"रेटा खाली! सासूचं गाडगं हाय असं समजा!"

बाया फिस्सकन हसल्या. काकूंनी ओठ आवळले आणि जे काय रेटलं! बुडातनं कुर्र आवाज आला, तोच. त्यांचे हात खाली आले, मी वर गेलो. मी खाली, त्या वर. दोघांत काठी थांबायलाच न्हाय. ओला भुगा उडाला, त्याच्यावर काळा पडायला लागला. धूर काकूंच्या डोळ्यात गेला, त्या शिव्या देत ऱ्हायल्या पण सोडलं न्हाय. खाच भरली. मी ओरडलो, "थांबा!"

काठी बाजूला. सगळी पुढं वाकली. भुगा धुमसत होता, एकटाच.

शेणीचा चुरा. काथ्या. मी काथ्याचं घरटं काकूंच्या हातात दिलं. "तुम्ही फुंका." त्यांनी फुंकलं, तोंड फिरवून खोकलं, परत फुंकलं आणि काथ्यानं जाळ धरला. काकूंनी तो जाळ असा वर धरला की देवळात आरती चाललीया. मागनं कोण तरी ओरडलं, "काकू, आता घरचा सिलिंडर बंद करा!"

मालकानं काडीपेटी खिशात घातली. नंतर चहा पिताना म्हणाला, "करायला तर येतोयच तुम्हाला. शिकवायला बी येतोय, येतोय. पुढच्या रविवारपास्नं या."

काठी ठेवून हात धुतले तेव्हा कळलं किती भाजलंय ते.

सांजेला घरी पोचलो. आण्णा पुढच्या सोप्यात बसलेले, शेजारी मामा. सोमवार उद्यावर आलता. आई सैपाकघराच्या दारात दह्याचं गाडगं घिऊन बसलीती. मी आत पाऊल टाकायच्या आत तिनं रवी माझ्या हातात दिली, "आलास? बस. मामाला ताक पायजे."

मी बसलो आणि घुसळत घुसळत सगळं सांगायला लागलो. लवंग सांगितली, काडीपेटी सांगितली, काकू सांगितली, काकूंच्या आवाजात. आण्णा म्हणाले, "आणि पेटलं काय?"

"व्हय," मी म्हटलं. माझ्याच आवाजात.

आण्णांनी माझ्याकडं नीट बघितलं. कधी न्हवं ते बघितलं. मला चेव आला. काकूंनी कसं रेटलं, मी कसं रेटलं, हे सांगताना हात चालूच होते, खाली आले, झटक्यात वर गेले, परत रेटून खाली—

टच्च.

गाडग्याचा तळ गेला. ताक सैपाकघराच्या उंबऱ्यावरनं सोप्यात आलं, मामाच्या पायाखालनं गेलं, आण्णांनी दोन्ही पाय वर उचलले. आई फुटक्या तळात बोट घालून बघाय लागली. ठोकून ठोकून निवडलेलं गाडगं. धाकटी भिंतीला टेकून हसत खाली बसली.

मामा खाकरला. "उद्या किती वाजता यायचं म्हणून…"

"ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. पाय वरच. "त्याला डोंगरातच जाऊ दे. तुझ्या दुकानात सगळ्या काचंच्या बाटल्या हायत."

मी म्हशीगत रेकणारच होतो, आनंदानं. आईनं फडकं माझ्या तोंडावर फेकलं. "आधी पूस," म्हणाली.